विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास? चाचणीचा अर्ज का परत येतो

जवळ पेट्रोल पंप, गॅरेज किंवा जमिनीत पुरलेली जुनी डिझेलची टाकी असते. विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला की लोक घाईघाईने हाताला लागेल ती बाटली भरून प्रयोगशाळेत नेतात. 'पाणी पिण्यायोग्य' असा अहवाल येतो, तो पेट्रोलच्या चाचणीसाठी केलेल्या अर्जाला जोडतात आणि अर्ज परत येतो. नेहमीच्या चाचणीत सामू, काठिण्य, क्षार, जिवाणू असं काही तपासतात, पेट्रोलचे घटक बहुधा त्यात नसतातच. म्हणून मागणीत नावं घालून लिहा: बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन. एमटीबीई, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं एक रसायन, तेही लिहा. ते मातीला फारसं धरून राहत नाही, भूजलाबरोबर बेंझिनच्याही पुढे जातं.

अर्ज, ओळखपत्र, मालकीचा पुरावा हे नेहमीचंच. भाडेकरू असाल तर मालकाची लेखी संमती आधी घ्या.

गाडी अडते ती टाकीच्या इतिहासावर. टाकी कधी बसवली, कधी बंद केली, आत काय होतं याचा कागद बहुतेकांकडे नसतो, आणि खिडकीवर मात्र तोच मागतात. जागा चार हातांतून गेल्यावर तो कुठून आणायचा? रकाना मोकळा सोडू नका. 'कागद उपलब्ध नाही' असं लिहा आणि जे आहे ते जोडा: इंधन भरल्याच्या जुन्या पावत्या, टाकीच्या हवानळीचा फोटो, जुन्या रहिवाशाचं सही केलेलं निवेदन. सोबत हाती काढलेला नकाशा हवाच. त्यात टाकी, विहीर, उताराची दिशा आणि नमुन्याच्या जागा दाखवा. एक नमुना टाकीपेक्षा चढाच्या बाजूच्या जागेचा घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?

सगळ्यात जास्त नमुने मुदतीपायी बाद होताना पाहिले आहेत. या घटकांसाठी पाणी 40 मिलीच्या काचेच्या कुपीत, वर हवेचा बुडबुडाही न ठेवता भरतात, आम्ल घालतात आणि सुमारे 4 अंश सेल्सिअसला ठेवतात. असा नमुना तपासून व्हायची मुदत साधारण 14 दिवस, आम्ल नसेल तर 7. हे दिवस नमुना घेतल्यापासून मोजायचे, प्रयोगशाळेत पोचल्यापासून नाही. माती पिशवीत भरून नेली तर पेट्रोल वाटेतच उडून जातं, तिच्यासाठी बंद नळी किंवा मिथेनॉल घातलेली कुपी मागा. नमुना कोणी, कधी, कोणाच्या हाती दिला याचा हस्तांतरण फॉर्मही लागतो. त्यातली एक सही राहिली तरी सगळी मेहनत वाया जाते, म्हणून शक्यतो प्रयोगशाळेच्याच माणसाला नमुना घ्यायला बोलवा. आयएसओ 17025 (प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) ची मान्यता नेमक्या या चाचण्यांसाठी आहे का, हेही विचारून घ्या.

अहवालात 'आढळले नाही' वाचून निर्धास्त होऊ नका. शेजारची शोधमर्यादा बघा, म्हणजे ज्याच्या खालचं प्रमाण त्या चाचणीला पकडताच येत नाही तो आकडा. पिण्याच्या पाण्यातल्या बेंझिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. प्रयोगशाळेची मर्यादाच 50 असेल, तर तो अहवाल तुम्हाला काहीच सांगत नाही. आणि वास गेला म्हणून अर्ज मागे घेऊ नका. बेंझिनचा वास नाकाला कळतो तोवर ते या मूल्याच्या कितीतरी पट झालेलं असतं.

अहवाल हाती येईपर्यंत ते पाणी पिऊ नका, स्वयंपाकालाही घेऊ नका. उकळूनही नको, कारण बेंझिन वाफेबरोबर घरातल्या हवेत येतं.