संघबांधणी (ब्रिटिश स्पीडवे)

ब्रिटनच्या स्पीडवे लीगमध्ये, म्हणजे मोटरसायकल रेसच्या लीगमध्ये, सात रायडरची टीम ॲव्हरेजच्या (रायडरच्या सरासरी पॉइंटच्या) ठरलेल्या मर्यादेत बसवायची, सीझनभर ती उभी ठेवायची आणि मध्येच कुणी जखमी झाला किंवा कुणाचा फॉर्म गेला तर नियमात राहून ती बदलायची, या सगळ्या उद्योगाला संघबांधणी म्हणतात. आयपीएलच्या फ्रँचायझीला पैशांची पर्स असते, इथली पर्स आकड्यांची असते. खिशात कितीही पौंड असू देत, सातही जणांच्या ॲव्हरेजची बेरीज मर्यादेच्या वर गेली की टीम नामंजूर. त्यामुळे कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त पॉइंट कोण आणणार हे ज्याला हिवाळ्यातच कळतं त्या प्रमोटरची, म्हणजे क्लब चालवणाऱ्याची, टीम उन्हाळ्यात वर दिसते.

खेळाबद्दल इथं जुजबीच. अंडाकृती ट्रॅक, वर शेल नावाच्या दगडाचा भुगा, चार रायडर (दोन्ही टीमचे दोन-दोन), चार लॅप, ५०० सीसीची सिंगल सिलिंडर मोटरसायकल, इंधन मिथेनॉल, गिअर एक आणि ब्रेक नाहीतच. अशा एका रेसला हीट म्हणतात, तीत पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ पॉइंट, शेवटच्याला भोपळा. १५ हीटची मॅच, म्हणजे एकूण ९० पॉइंट, ४६ झाले की मॅच खिशात.

उगमाचा वाद

हा खेळ मुळात कुणाचा यावर अभ्यासक अजून भांडतात. जुन्या संदर्भग्रंथांत बहुतेक ठिकाणी ऑस्ट्रेलियातलं वेस्ट मेटलँड आणि १५ डिसेंबर १९२३ ही तारीख मिळते, तिथल्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर जॉनी हॉस्किन्सने रेस भरवल्या आणि तिथून सगळं सुरू झालं असं. हॉस्किन्स पुढे ब्रिटनमध्ये नावाजलेला प्रमोटर झाला आणि स्वतःची गोष्ट रंगवून सांगण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे लक्षात ठेवूनच ती तारीख घ्यावी. मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकली त्याआधी अमेरिकेतही पळत होत्या, त्यामुळे १९२३ ला खेळाचा जन्म म्हणण्यापेक्षा त्याला धंद्याचं रूप आलं तो काळ म्हणणं जास्त बरं.

ब्रिटनमधल्या पहिल्या मीटिंगचंही तसंच. लोकप्रिय उत्तर म्हणजे एपिंग फॉरेस्टमधलं हाय बीच, किंग्ज ओक पबच्या मागचा ट्रॅक, १९ फेब्रुवारी १९२८. गर्दीचे आकडे १२ हजारांपासून ३० हजारांपर्यंत काहीही सापडतात, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आले एवढं मात्र सगळे मान्य करतात. पण त्याच्या आदल्याच वर्षी, ७ मे १९२७ ला कँबर्लीला आणि २५ जूनला मँचेस्टरजवळ ड्रॉयल्सडेनला रेस झाल्या होत्या. कँबर्लीला रायडर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरले, आज सगळीकडे उलट फिरतात, म्हणून काही जण तिला स्पीडवे मानायलाच तयार नसतात. ड्रॉयल्सडेनला हा आक्षेप लागत नाही, त्यामुळे तिचा दावा जरा वजनदार वाटतो, पण खेळ देशभर पसरला तो हाय बीचच्या गर्दीमुळेच. संघबांधणीच्या दृष्टीने खरी तारीख १९२९ ची, कारण त्या वर्षी दक्षिणेत आणि उत्तरेत अशा दोन लीग सुरू झाल्या आणि एकट्यादुकट्या रायडरच्या खेळाला टीम जोडली गेली.

बरोबरी साधायचे जुने प्रयोग

ॲव्हरेजची मर्यादा नेमकी कुठून आली यावर दोन मतं आहेत. एक मत तिचं मूळ १९४६ मध्ये दाखवतं, युद्धानंतर लीग परत सुरू करताना सगळे रायडर एका पूलमध्ये टाकून, त्यांना ग्रेड देऊन क्लबांना वाटण्यात आलं होतं. दुसरं मत १९६५ ला धरून आहे, तेव्हा नॅशनल लीग आणि प्रोव्हिन्शियल लीग एक होऊन १८ टीमची ब्रिटिश लीग झाली आणि कमजोर क्लबांना हात द्यायला कुठला रायडर कुठे पाठवायचा हे एक समिती ठरवू लागली, याला रायडर कंट्रोल म्हणायचे. दोन्हींत वाटप वरून होतं, क्लबच्या हातात फारसं काही नव्हतं. आजच्या पद्धतीत आकडा वरून येतो आणि त्याच्या आत काय करायचं ते क्लबने बघायचं, म्हणून ही दोन्ही फार तर पूर्वजं म्हणता येतील. पॉइंट्स लिमिट या स्वरूपात ही पद्धत साधारण १९८० च्या दशकात रुळली असं धरायला हरकत नाही.

१९४६ च्या वाटपाचा निकाल बघण्यासारखा आहे. युद्धाआधी बेल व्ह्यू क्लबचा आधारस्तंभ असलेला बिल किचन या वाटपात वेंब्लीला गेला आणि तिथं कॅप्टन झाला. पुढच्या आठ सीझनमध्ये वेंब्ली लायन्सने सात वेळा लीग मारली, मधलं १९४८ तेवढं न्यू क्रॉसने नेलं. म्हणजे बरोबरी साधायला केलेल्या वाटपातून एकाच क्लबचं राज्य आलं. याचं खापर फक्त किचनच्या वाटपावर फोडणं सोपं आहे, पण मॅनेजर ॲलेक जॅक्सनने नवशिक्या पोरांना राय हाउसच्या ट्रॅकवर तयार करायची सोय केली होती आणि फ्रेडी विल्यम्ससारखा वेल्सचा पोरगा वेंब्लीतूनच वर येऊन १९५० आणि १९५३ चा विश्वविजेता झाला. वाटप होतं ते तयार रायडरचं, घरी घडवलेला रायडर त्यात धरलाच जात नव्हता. ही पळवाट आजच्या नियमांतही वेगळ्या रूपात जिवंत आहे.

ॲव्हरेजचा हिशोब

रायडरने सीझनमध्ये कमावलेले पॉइंट अधिक बोनस पॉइंट, भागिले राइड, गुणिले ४, असा हा सरळ हिशोब. त्याला कॅल्क्युलेटेड मॅच ॲव्हरेज म्हणतात, लिहिताना सीएमए. गुणाकारातला ४ आला तो मॅचला एका रायडरच्या चार राइड धरायच्या प्रथेवरून असावा. बोनस पॉइंट कुणाला, तर आपल्याच जोडीदाराच्या लगेच मागे आणि समोरच्या निदान एका रायडरच्या पुढे जो येईल त्याला. तो मॅचच्या स्कोअरमध्ये मोजत नाहीत पण ॲव्हरेजमध्ये मोजतात, म्हणजे जोडीदाराला सांभाळून घेणाऱ्याचा पगार वाढतो आणि पुढच्या वर्षी तोच टीमला महागही पडतो. समजा एखाद्याने ९० राइडमध्ये १५० पॉइंट आणि १५ बोनस काढले, तर १६५ भागिले ९० गुणिले ४, म्हणजे ७.३३. हरलाच नाही असा रायडर १२ वर पोचतो, सीझनअखेर १० च्या वर असलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मर्यादा बऱ्याच वेळा चाळिशीच्या आसपास का घुटमळते हेही याच गणितात आहे. बरोबरीच्या मॅचमध्ये टीमला ४५ पॉइंट, राइड ३०, म्हणजे राइडमागे दीड, त्याला चारने गुणलं की ६, आणि सात जणांचे झाले ४२. बोनसमुळे ही बेरीज थोडी वर सरकते, उलट चांगल्या रायडरना राइड जास्त मिळतात त्यामुळे साधी बेरीज थोडी खाली येते. तर ४२ च्या खाली मर्यादा ठेवली की सरासरी टीमलासुद्धा कुणाला तरी सोडावं लागतं, वर ठेवली की श्रीमंत क्लबला जागा मिळते. दर हिवाळ्यात प्रमोटर मंडळींच्या बैठकीत या एका आकड्यावरून जी ओढाताण होते तिचं कारण हे, आणि प्रत्येकाला हवा असतो तो आकडा त्याने मनात जुळवलेल्या टीमच्या बेरजेहून किंचित वर असतो असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

सीझन सुरू असताना ॲव्हरेज दर महिन्याला नव्याने निघतं, त्या यादीला ग्रीन शीट म्हणतात. इथं पद्धतीची खरी गंमत आहे. तुमचे सातही जण समजा अर्ध्या-अर्ध्या पॉइंटने सुधारले तर बेरीज साडेतीनने फुगते, आहे ती टीम तशीच ठेवता येते पण बदल करायचा तर जाणाऱ्याइतक्या किंवा त्याहून कमी ॲव्हरेजचाच रायडर आणता येतो. पडत्या टीमची बेरीज मात्र घसरत जाते आणि तिला बाजारात जागा मिळते. हिवाळ्यात चॅम्पियन टीम फुटते ती याच कारणाने. कुणी मुद्दाम ॲव्हरेज पाडतं अशी कुजबुज या खेळाइतकीच जुनी आहे, पण रायडरला पैसे बऱ्याचदा पॉइंटमागे मिळतात, तेव्हा हे सर्रास चालत असेल असं वाटत नाही.

टीमची रचना

१ ते ७ नंबरांत १, ३ आणि ५ हे सहसा हीट लीडर (टीमचे मुख्य रायडर), २ आणि ४ सेकंड स्ट्रिंग (दुसऱ्या फळीतले), ६ आणि ७ रिझर्व्ह. दुसरी हीट रिझर्व्हचीच असते, १३ व्या हीटला दोन्हीकडचे १ आणि ५ समोरासमोर येतात, १५ व्या हीटला मॅनेजर आपले दोन रायडर निवडून उतरवतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मॅच १ नंबरवर जिंकली जाते, पण जाणकार आधी रिझर्व्ह बघतात. कारण रिझर्व्हला नेहमीच्या राइडशिवाय फॉर्म नसलेल्या जोडीदाराच्या जागीही उतरवता येतं, एकूण सात राइडपर्यंत. सगळ्यात कमी ॲव्हरेजवाले दोघं रिझर्व्हला जातात, त्यामुळे एखादा चांगला रायडर दुखापतीमुळे दोन महिने ढेपाळला आणि ग्रीन शीटवर घसरून रिझर्व्हला आला, की तिथं त्याच्यासमोर कच्ची पोरं असतात आणि तो १२-१३ पॉइंट सहज काढतो. असा रायडर योग्य महिन्यात रिझर्व्हला असणं ही नशिबाची गोष्ट म्हणतात, काही मॅनेजरचं नशीब जरा जास्तच वक्तशीर असतं.

दोन टोकाचे आणि पाच साधे घ्यायचे, की सगळे मधले, हा जुना वाद. पहिल्या पद्धतीत १३ आणि १५ वी हीट हातात राहते पण एक कॉलरबोन मोडलं की सीझन गेला. हीट लीडर नसला तर तेवढ्या किंवा कमी ॲव्हरेजचा गेस्ट दुसऱ्या टीममधून एका मॅचपुरता घेता येतो, नाहीतर रायडर रिप्लेसमेंट लावून त्याच्या राइड बाकीच्यांत वाटायच्या. मधल्यांची टीम घरच्या ट्रॅकवर समोरच्याला जड जाते, बाहेर मात्र शेवटच्या हीटला कमी पडते. शिवाय ट्रॅक बघून माणूस घ्यावा लागतो, पूलचा ट्रॅक जेमतेम २९९ मीटर आणि शेफिल्डचा ३६१, गेटवरून झटकन सुटणारा एकीकडे हिरो तर दुसरीकडे बाहेरच्या बाजूने सुसाट येणारा.

काही टीम

पैशाने टीम उभी करायचं ठळक उदाहरण ऑक्सफर्डचं. १९८४ मध्ये त्यांनी डेन्मार्कचा हान्स नील्सन बर्मिंगहॅमकडून ३० हजार पौंडांना घेतला, त्या काळचा तो विक्रम, आणि १९८५, १९८६ ला लागोपाठ लीग जिंकली. नील्सन स्वतः १९८६ आणि १९८७ चा विश्वविजेता. इथं सांगायला हवं की रायडर हा क्लबचा ॲसेट असतो, म्हणजे तो दुसरीकडे पळत असला तरी मूळ क्लब त्याचं भाडं घेतो, आणि रायडर स्वतः मात्र स्वयंरोजगारी, बाइक, इंजिन ट्यूनर, मेकॅनिक, व्हॅन सगळं त्याच्याच खिशातून.

२००२ पासून वरच्या लीगचा विजेता प्ले-ऑफने ठरू लागला आणि टीम कधी फॉर्मात यावी हाही संघबांधणीचा भाग झाला. २०१० ला पूल पायरेट्स टेबलात आरामात पहिले होते आणि फायनलला कॉव्हेंट्रीने त्यांना गार केलं. पुढच्याच वर्षी पूलने किताब घेतला, नंतर २०१३, २०१४, २०१५ असे तीन ओळीने.

पण या पद्धतीचं मर्म दाखवणारी टीम म्हणजे २०२१ ची पीटरबरो पँथर्स. स्कॉट निकोल्स, ब्यार्ने पेडरसन, हान्स अँडरसन, उलरिक ऑस्टरगार्ड, ख्रिस हॅरिस, सगळे चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, सोबत मायकेल पाम टॉफ्ट आणि रिझर्व्हला जॉर्डन पेलिन हा सतरा वर्षांचा पोरगा. सीझनआधी लोकांनी म्हाताऱ्यांची टीम म्हणून हसून घेतलं. निकोल्स सात वेळचा ब्रिटिश चॅम्पियन, हॅरिस विश्वविजेतेपदाच्या मालिकेतल्या २००७ च्या कार्डिफ ग्रां प्रीचा विजेता, पण वयामुळे ॲव्हरेज उतरलेलं, म्हणजे अनुभव फुकटात आणि आकडा स्वस्तात. फायनलला बेल व्ह्यूला हरवून ते चॅम्पियन झाले. दोन वर्षांनी, २०२३ च्या सीझननंतर, त्यांचं शोग्राउंडच हातातून गेलं. कॉव्हेंट्रीचं ब्रँडन २०१६ नंतर, वुल्व्हरहँप्टनचं मनमोर ग्रीन २०२३ नंतर, असे ट्रॅक जात राहिले की त्यांचे रायडर एकदम बाजारात येतात आणि बाकीच्यांची गणितं बदलतात.

अलीकडे

२०१४ ला रिझर्व्हच्या दोन्ही जागा ड्राफ्टमधून निवडलेल्या ब्रिटिश पोरांना दिल्या गेल्या आणि २०२१ पासून रायझिंग स्टार नावाने तशीच एक जागा राखून ठेवली, पेलिन त्यातलाच. वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही लीगमध्ये पळणारे, म्हणजे डबलिंग-अप करणारे रायडर आता नेहमीचे झालेत, त्यामुळे एका मॅचमधली दुखापत दोन टीमना लंगडं करते. पोलंडच्या लीगमध्ये पैसा जास्त आणि ग्रां प्रीचं वेळापत्रक भरगच्च, म्हणून जगातले पहिले काही रायडर ब्रिटनकडे फिरकतच नाहीत. ब्रेक्झिटनंतर परदेशी रायडरच्या व्हिसाचा खर्च वर आला. ऑस्ट्रेलियातून सोळा-सतराव्या वर्षी येणाऱ्या पोरांचा ओघ मात्र टिकून आहे, ज्यांच्याकडे आजी-आजोबांमुळे ब्रिटिश पासपोर्ट असतो त्यांना तर प्रमोटर आधी गाठतात.