बालीला निघालात? रेबीजचे डोस इथेच घ्या

हंगाम आटोपला की मराठवाड्यातले कृषी सेवा केंद्रवाले कंपनीच्या टार्गेटवर मिळालेल्या बाली-बँकॉकच्या सहलीला निघतात. पासपोर्ट, डॉलर, शेंगदाण्याची चटणी, सगळं आठवणीनं बॅगेत जातं. रेबीजचं नाव कुणी काढत नाही. वेरूळला वानरांना हातावर फुटाणे देणारी आपली माणसं बालीच्या माकडांचाही तसाच पाहुणचार करतात.

बालीत 2008 साली कुत्र्यांमध्ये रेबीज शिरला, तो अजून गेलेला नाही. रेबीजचे बहुतेक सगळे बळी कुत्र्यामुळेच जातात, पण माकड चावलं किंवा ओरखडलं तरी उपचार तेच.

लाळेतून जखमेत गेलेला विषाणू नसांच्या वाटेनं हळूहळू मेंदूकडे सरकतो. बहुधा दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडा, कधी वर्षाहून जास्त. म्हणून सहलीहून धडधाकट परतलेला माणूस सुटला असं समजू नये. लक्षणं दिसली की औषध जवळपास चालतच नाही.

चावल्यावर घेतलेल्या लसीनं प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, तयार व्हायला आठवडा-दहा दिवस जातात. तोवर आयती प्रतिपिंडं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, जखमेतच टोचावी लागतात. खरी अडचण इथं आहे: अनेक देशांत ती खिशात पैसे असूनही वेळेवर मिळत नाहीत. निघण्याआधी लस घेतलेली असेल तर त्यांची गरजच उरत नाही. चावल्यावर त्याच दिवशी आणि तीन दिवसांनी असे लसीचे दोन डोस पुरतात. ते मात्र चुकवायचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आधीचे डोस दोन सांगते, आठवड्याच्या अंतरानं. आपल्याकडे तीन देण्याची पद्धत आहे, त्याला तीन-चार आठवडे लागतात. तिकीट काढलं त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटलेलं बरं. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून गावोगाव ऐकू येते, पण ती लस कधीच बंद झाली. आता दंडात टोचतात.

परदेशात चावलंच तर आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, मिरचीपूड काही लावू नका. मग दवाखाना गाठा आणि लसीचं नाव व तारीख कागदावर लिहून घ्या. तो कागद गावाकडच्या सरकारी रुग्णालयात दाखवला की उरलेले डोस तिथून पुढे घेता येतात. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.