आर्क्टिक गावांमधलं ऊर्जा संक्रमण

आर्क्टिकमधलं ऊर्जा संक्रमण म्हणजे अलास्का, उत्तर कॅनडा, ग्रीनलंड अशा अगदी उत्तरेकडच्या गावांनी डिझेलच्या विजेवरून हळूहळू ऊन, वारा, पाणी यांच्या विजेवर येणं. ऐकायला सोपं वाटतं, पण यातली बरीच गावं मोठ्या ग्रिडला जोडलेलीच नाहीत. गावाचा स्वतःचा डिझेल जनरेटर असतो, त्याच्या बाजूला मोठाल्या टाक्या, आणि उन्हाळ्यात बर्फ वितळलं की बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीने, डिझेल आणून त्या टाक्या पुढच्या वर्षभरासाठी भरून ठेवायच्या. नदीला पाणी कमी असलं की बार्ज येत नाही, मग तेच डिझेल विमानाने आणायचं, आणि त्याचा भाव काय होत असेल ते सांगायला नको. बाहेर उणे ४० असताना जनरेटर बंद पडला तर नुसती लाइट जात नाही, घर तापवणारी भट्टी थांबते, पाण्याचे पाइप गोठतात. त्यामुळे इथे वीज हा जगण्याचाच प्रश्न आहे.

ओल्ड क्रो हे कॅनडाच्या युकॉनमधलं गाव यातलं सगळ्यात समजून घेण्यासारखं उदाहरण. आर्क्टिक वृत्ताच्याही वर, पोर्क्युपाइन नदीच्या काठी, वस्ती जेमतेम अडीचशे, सगळे बहुतेक वुंतुत ग्विचिन नावाचे मूलनिवासी लोक, कॅरिबूच्या (रेनडिअरसारख्या हरणाच्या) कळपांवर पिढ्यान् पिढ्या जगलेले. गावाला रस्ता नाही, डिझेल विमानाने यायचं. या समाजाने २०१९ मध्ये हवामान आणीबाणी जाहीर केली आणि २०२१ मध्ये ९४० किलोवॉटचा सोलर प्रकल्प सुरू केला. त्यातून वर्षाला साधारण १,८९,००० लिटर डिझेल वाचेल असा हिशोब आहे, म्हणजे गावाच्या विजेसाठी लागणाऱ्या डिझेलचा जवळपास पाव हिस्सा. पॅनल बसवलेत तेही बघण्यासारखं आहे. आपल्याकडे पॅनल दक्षिणेकडे तोंड करून लावतात, इथे ते पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजूंना कललेले आहेत, कारण उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, गावाभोवती गोल फिरत राहतो, मग सकाळचं ऊन एका बाजूने आणि संध्याकाळचं दुसऱ्या बाजूने पकडायचं. चांगलं ऊन असलं की जनरेटर पूर्ण बंद ठेवता येतो, आणि वर्षानुवर्षं चोवीस तास चालू असलेली ती घरघर थांबते.

पण मला यातली खरी मोठी गोष्ट पॅनलची वाटत नाही, मालकीची वाटते. प्रकल्प वुंतुत ग्विचिन सरकारचा, म्हणजे या समाजाच्याच स्थानिक सरकारचा, स्वतःचा आहे आणि वीज कंपनीने ती वीज २५ वर्षं विकत घ्यायचा करार केलाय. म्हणजे आधी जो पैसा डिझेलबरोबर गावाबाहेर जायचा त्यातला काही आता गावातच राहतो.

अर्थात हिवाळ्यात तिथे काही आठवडे सूर्य उगवतच नाही, आणि नेमकी तेव्हाच विजेची गरज सगळ्यात जास्त. अशा वेळी वारा कामाला येतो. अलास्काच्या नैऋत्य किनाऱ्यावर कॉन्गिगानाक, क्विगिलिंगोक, टुन्टुटुलियाक आणि किपनुक या युपिक मूलनिवासींच्या गावांनी २००५ मध्ये एकत्र येऊन चानिनिक विंड ग्रुप केला. एकेकट्या गावाला पवनचक्क्या, क्रेन, मेकॅनिक परवडत नाहीत, चौघांनी मिळून ते जमवलं. वारा जोरात असला की गावाला लागते त्यापेक्षा जास्त वीज तयार होते, ती वाया घालवायची नाही म्हणून लोकांच्या घरात खास स्टोव्ह बसवलेत. दिसायला जाड कपाटासारखे, आत सिरॅमिकच्या विटा, जास्तीच्या विजेवर त्या विटा तापतात आणि मग कितीतरी तास घराला ऊब देत राहतात. त्या विजेचा दर वेगळा आणि कमी, त्यामुळे घर तापवायचं तेलही वाचतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये हालोंग वादळाच्या अवशेषांनी किपनुक आणि क्विगिलिंगोकची फार वाईट अवस्था केली, शेकडो लोकांना विमानाने हलवावं लागलं. हवामान बदलाला यांचा हातभार जवळजवळ शून्य, आणि झळ मात्र पहिली यांनाच, हे वाचून वाईट वाटतं.

अलास्कातच शुंगनाक आणि कोबुक या इनुपियाट मूलनिवासींच्या गावांनी २०२१ मध्ये सोलर आणि बॅटरी बसवली. दोन्ही गावं एकाच वीजवाहिनीवर आहेत, मालकी दोघांची मिळून, आणि वीज विकत घेते अलास्का व्हिलेज इलेक्ट्रिक कोऑपरेटिव्ह, म्हणजे पन्नासहून जास्त गावांना वीज देणारी ग्राहकांच्याच मालकीची सहकारी संस्था.

देशांच्या पातळीवर असं सहकार्य आर्क्टिक कौन्सिल या आर्क्टिक देशांच्या मंचातून चालतं. १९९६ च्या ओटावा जाहीरनाम्याने ती स्थापन झाली, ८ देश सदस्य आहेत आणि मूलनिवासींच्या ६ संघटनांना कायमचं स्थान आहे. त्यातल्याच ग्विचिन कौन्सिल इंटरनॅशनलच्या पुढाकाराने ‘अरीना’ नावाचं प्रशिक्षण सुरू झालं, ज्यात गावातलीच माणसं दुसऱ्या गावांचे प्रकल्प प्रत्यक्ष बघून शिकतात. गोठलेल्या जमिनीत खांब कसा रोवायचा, जमीन वितळून खचली तर काय करायचं, हे ज्याने केलंय त्याच्याकडूनच नीट कळतं. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर बाकीच्या ७ देशांनी कौन्सिलचं काम थांबवलं, नंतर ते हळूहळू परत सुरू झालं.

भारत २०१३ पासून या कौन्सिलमध्ये निरीक्षक आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंडला २००८ पासून आपलं हिमाद्री संशोधन केंद्र आहे आणि ते चालवते गोव्यातल्या वास्कोची राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था. त्याच बेटांवरच्या लाँगइयरब्येन गावाने ऑक्टोबर २०२३ मध्ये कोळशाचं वीजकेंद्र बंद केलं, पण सध्यातरी त्याच्या जागी डिझेलच आलंय.