प्रोटीनचे ढिले भाग

प्रोटीनच्या साखळीचा जो भाग घडी घालून पक्का आकार घेत नाही, मोकळाच लोंबत राहतो, तो ढिला किंवा अव्यवस्थित भाग. शाळेत आपण कुलूप-किल्ली शिकलो, एमिल फिशरनं 1894 मध्ये मांडलेलं, म्हणजे आकार जुळला तरच काम, त्यामुळे हे लोंबते भाग कितीतरी वर्षं बिनकामाचे समजले गेले आणि 1999 मध्ये पीटर राइट आणि जेन डायसन या शास्त्रज्ञांनी हा समज बदलायलाच हवा असं ठामपणे लिहिलं. माणसाच्या प्रोटीनमध्ये साधारण एक तृतीयांश भाग असाच ढिला असतो!

वडोदऱ्यात उत्तरायणला दांडिया बाजारातल्या गच्चीवर ज्यानं फिरकी धरलीय त्याला ढील कशाला द्यायची ते सांगावं लागत नाही. इथेही ढिलाईच कामाची. मोकळा भाग लांबवर पोचतो, वेगवेगळ्या प्रोटीनना धरतो, आणि पकड बहुतेक वेळा हलकी असते म्हणून काम झालं की सोडतोही, सिग्नल झटकन चालू झटकन बंद व्हायला हेच तर लागतं. शिवाय एन्झाइमना तिथे फॉस्फेट चिकटवणं सोपं जातं. पी-53 हे कॅन्सर रोखणारं प्रोटीन घ्या, 393 अमिनो आम्लांचं, दोन्ही टोकं ढिली. एमडीएम-2 नावाचं दुसरं प्रोटीन त्याचं पुढचं टोक पकडून त्याला मोडीत काढायला पाठवत असतं, पण डीएनएला इजा झाली की त्याच टोकावर फॉस्फेट बसतं, पकड सुटते आणि पी-53 टिकतं.

आता हालचाल. मांज्यानं बोट कापलं की पांढऱ्या पेशी जखमेकडे सरपटत निघतात. त्यांच्यात वॅस्प नावाचं प्रोटीन असतं, एरवी ते आपलंच शेपूट आत दाबून गप्प बसलेलं, बाहेरून सिग्नल आला की सीडीसी-42 नावाचं दुसरं प्रोटीन त्याला चिकटतं आणि शेपूट सुटं होतं. हे सुटं, ढिलं शेपूट एआरपी-2/3 या प्रोटीनच्या जुडग्याला जागं करतं, मग अ‍ॅक्टिन या प्रोटीनच्या जुन्या धाग्याला साधारण 70 अंशांत नवी फांदी फुटते, तिला आणखी फांद्या, आणि या जाळीच्या रेट्यानं पेशीचा पुढचा काठ सरकतो. मला तर यातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं की जो भाग शेपूट दाबून धरतो तोसुद्धा एकटा असला तर ढिलाच असतो, शेपूट मिळालं की एक घडी, सीडीसी-42 मिळालं की वेगळी.

वॅस्पचा जीन बिघडला तर विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम होतो, जवळजवळ फक्त मुलग्यांना. प्लेटलेट कमी आणि लहान म्हणून रक्त लवकर थांबत नाही, एक्झिमा होतो, आणि पेशी नीट सरपटत नाहीत, इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होत राहतं.