मीटिंग, सभा आणि मधला अर्धा तास

सातारा-सांगली पट्ट्यात सप्टेंबर लागला की वर्तमानपत्रांची आतली पाने वार्षिक सर्वसाधारण सभांच्या नोटिसांनी भरून जातात. कारखाना, दूध संघ, पतसंस्था, विकास सोसायटी, सूतगिरणी. विषयपत्रिका वेगवेगळ्या असल्या तरी शेवटची टीप बहुतेक ठिकाणी एकाच छापाची असते : "गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच दिवशी त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल. त्या सभेस गणसंख्येचे बंधन राहणार नाही." गणसंख्या म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, बोलीभाषेत कोरम. सभासद ही टीप वाचत नाहीत. वकील मात्र सुरुवातच तिच्यापासून करतात. दरवर्षी रंगणारा "सभा झाली की उरकली" हा वाद समजून घ्यायचा, तर मीटिंग हा शब्द आपल्याकडे कसा रुळला आणि सभेपासून कसा वेगळा पडला, हे थोडे मागे जाऊन पाहावे लागते.

रोजच्या बोलण्यात या दोन शब्दांची वाटणी कधीच होऊन गेली आहे. सभा मैदानात होते; तिला मंडप, माईक, हार लागतात. मीटिंग खोलीत होते, आणि ठरायचे ते तिथे ठरते. "सभेत काय झालं?" याला "भाषणं" एवढे उत्तर पुरते. "मीटिंगमध्ये काय ठरलं?" असे विचारले की समोरचा इकडेतिकडे बघून आवाज खाली आणतो. पंचायत समितीत गेल्यावर "साहेब मीटिंगला गेलेत" असे ऐकू आले, तर साहेब जागेवर नाहीत आणि कधी येतील ते विचारू नका, एवढाच त्याचा अर्थ. गावकीची मीटिंग म्हणजे जत्रेची वर्गणी. मुंबईकरांची मीटिंग म्हणजे पाटण, जावळी, माण-खटावकडच्या गावांच्या मुंबईतल्या मंडळांनी रविवारी एखाद्या हॉलमध्ये बसून गावच्या देवळाच्या कळसाचा निर्णय घेणे. विटा-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळणारे, देशभर पांगलेले, त्यामुळे तिकडच्या गावकीच्या मीटिंगा जत्रेला माणसे परतण्याच्या बेताने धराव्या लागतात. गॅदरिंग हा त्याच कुळातला शब्द मात्र शाळा-कॉलेजाच्या स्नेहसंमेलनाबाहेर कधी पडलाच नाही.

इंग्रजीत मीटिंगचा पसारा याहून मोठा आहे. दोघांची भेटही मीटिंग, हजारोंची जाहीर सभाही मीटिंग आणि घोड्यांच्या शर्यतीही मीटिंगच. क्वेकर पंथाचे लोक गप्प बसून प्रार्थना करतात, तीसुद्धा मीटिंग. मुळाशी जुन्या इंग्रजीतला जमण्या-भेटण्याचा धातू आहे. लोक जमून न्यायनिवाडा करीत त्या जमण्याला 'मूट' म्हणत. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या मूट कोर्टात तो शब्द आजही टिकून आहे.

आपल्याकडे लोक जमून निवाडा करायचे, त्याचे कागद सापडतात. शिवकाळातल्या आणि त्याच्या आगेमागेच्या महजरांत, म्हणजे निवाड्याच्या कागदांत, आधी हजर असलेल्यांची यादी येते, 'हाजीर मजालसी' म्हणून. पाटील, कुलकर्णी, मोकदम, बलुतेदार. लिहिता न येणारा कुणबी नावापुढे नांगराची निशाणी करी, सुतार आपल्या हत्याराची. निवाड्याचे वजन त्या यादीवर अवलंबून असे. कोण बसले होते हे आधी, काय ठरले ते नंतर. त्या मजलिशीत बाया नसत आणि गावकुसाबाहेरच्यांचा शब्द चालत नसे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. जुन्या पंचायतीचे गोडवे गाणारे लेख एवढे एक वाक्य हटकून गाळतात.

ब्रिटिश अमलात जमणे हा पोलिसांच्या नोंदीचा विषय झाला. 1860 च्या दंड संहितेत कलम 141 आले. पाच किंवा अधिक माणसे विशिष्ट बेकायदा हेतूने जमली की तो गुन्ह्याचा जमाव. मराठी दप्तरात त्याला 'गैरकायद्याची मंडळी' म्हणू लागले. 1 जुलै 2024 पासून हे कलम भारतीय न्याय संहितेत 189 व्या क्रमांकावर गेले आणि भाषांतरात 'बेकायदेशीर जमाव' आला. तरी बातमीत "गैरकायद्याची मंडळी जमवून" ही ओळ अजून भेटते. ज्या भाषेत 'आमची मंडळी' म्हणजे बायको, तिथे ती वाचताना जरा गंमत वाटते. 1907 साली राजद्रोही सभांना आळा घालणारा वेगळा कायदा आला आणि 1911 मध्ये तो नव्याने करण्यात आला. सभेला परवानगी लागते, मीटिंग गुपचूप होते, ही आपली समजूत मला वाटते याच काळात पक्की झाली असावी.

याच भूमीवर दोन उलट प्रयोगही झाले. औंध संस्थान लहान, 72 गावांचे. आज त्यातले औंध सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल सांगलीत. 1939 च्या जानेवारीत तिथल्या राजांनी प्रजेला राज्यघटना दिली. गांधीजींचा सल्ला आणि पोलंडहून आलेल्या एका अभियंत्याची मेहनत तिच्यामागे होती. गावातल्या प्रौढांनी पाच जणांची पंचायत निवडायची आणि वरचे सभागृह त्या पंचायतींतून उभे राहायचे, अशी रचना. तीन-चार वर्षांतच, 1942 च्या मोर्च्यांवरच्या दडपशाहीनंतर, साताऱ्याचे प्रतिसरकार उभे राहिले. वडूजला 9 सप्टेंबरला आणि इस्लामपूरला 10 सप्टेंबरला गोळीबार झाला होता. भूमिगतांचे जमणे रानात, रात्री, निरोप्यामार्फत. गावोगाव त्यांची न्यायदान मंडळे बसत. एक प्रयोग राजाने दिलेल्या कागदावर चालला, दुसरा कागदाचा मागमूस न ठेवता. दोन्हींत गाव जमल्याशिवाय भागत नव्हते. कुंडलसारखे गाव तर दोन्हींत होते.

स्वातंत्र्यानंतर जमण्याचे कायदे झाले. 1949 मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा निघाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. याच मधल्या काळात दोन्ही जिल्ह्यांत सहकाराची पायाभरणी झाली. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात ग्रामसभा आली, 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमात वार्षिक सर्वसाधारण सभा आली. दोन्हींची भाषा इंग्रजी सभाशास्त्राची : अजेंडा, कोरम, ठराव, सूचक-अनुमोदक, प्रोसिडिंग. गावाने हे शब्द लगेच आपलेसे केले. अजेंडा 'फिरवायचा' असतो, म्हणजे शिपायाने सह्या घेत घरोघर हिंडायचे. प्रोसिडिंग 'लिहून घ्यायचे' असते, कधीकधी मीटिंगच्या आधीच.

या सगळ्यात सर्वांत निसरडा शब्द तहकूब.

तहकूब म्हणजे तात्पुरती थांबवलेली. रद्द झालेली नव्हे, संपलेलीही नव्हे. म्हणून तहकूब सभा ही कायद्याने नवी सभा नसून मूळ सभेचाच पुढचा भाग ठरते. विषय तेच, नोटीस तीच. कोरमची अट मात्र गळून पडते. कोरमशिवाय सभा भरते ती कशी, असे एखादा तरुण सभासद उठून विचारतो तेव्हा व्यासपीठावरून "तहकूब आहे, बसा खाली" असे उत्तर येते आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असते.

ही सवलत आली कुठून, ते कंपनी कायद्यात दिसते. 2013 च्या कायद्याचे कलम 103 किंवा त्याआधीच्या 1956 च्या कायद्याचे कलम 174 पाहावे. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास वाट पाहायची. तरीही कोरम झाला नाही, तर सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी, किंवा संचालक मंडळ ठरवील तेव्हा. त्या दिवशीही अर्धा तास थांबायचे. मग जे हजर असतील तोच कोरम. म्हणजे मूळ कल्पनेत अर्धा तास हा वाट पाहण्याचा आणि आठवडा हा लोकांना पुन्हा सावध करण्याचा. भागधारकांनी स्वतः मागणी करून बोलावलेल्या सभेला तर ही सवलतही नाही. कोरम नसेल तर ती थेट रद्द.

आपल्याकडच्या संस्थांच्या नोटिशीत अर्धा तास तेवढा राहिला, आठवडा उडाला. सभा दहाला, कोरम नाही, साडेदहाला तीच सभा, कोरमची गरज नाही. या अर्ध्या तासात काय होते ते ज्याने पाहिले आहे त्याला नवल वाटत नाही. मंडपाच्या बाजूला चहाचे ग्लास फिरतात, अहवालाच्या पुस्तिकेने वारा घेतला जातो, सहीच्या वहीसमोर तुरळक रांग असते. मग चेअरमन उठतात, "सभा तहकूब करून पुन्हा सुरू करत आहोत" असे माईकवर म्हणतात, आणि पुढच्या रांगांतून प्रत्येक विषयाला "मंजूर, मंजूर" येऊ लागते.

संचालकांची बाजू अगदीच लंगडी नाही. पंधरा-वीस हजार सभासदांच्या कारखान्याने कोरमसाठी थांबायचे म्हटले, तर ताळेबंद मंजूर व्हायचा कधी? 30 सप्टेंबरच्या आत सभा घेणे बंधनकारक, न घेतल्यास कारवाई संचालकांवर. शिवाय ज्याला यायचे तो दहालाही येतो, असे ते म्हणतात. हे सगळे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. कोरमची अट अर्ध्या तासात आपोआप पडणार हे दोघांनाही आधीच ठाऊक असेल, तर माणसे जमवायला कोण धडपडेल? सत्तारूढ गटाला गरज नाही. विरोधकाला कोरमअभावी सभा अडवताही येत नाही. तो मग बाहेर पडून रस्त्यापलीकडे 'समांतर सभा' घेतो. समांतर सभेतल्या ठरावांना कायद्यात काडीची किंमत नसते, पण दुसऱ्या दिवशी दोन्ही सभांचे फोटो छापून येतात.

ग्रामसभेचा आकडा वेगळा. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. राज्याने 2003 मध्ये तिला आणखी अधिकार दिले, आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेण्याची अट घातली. तिची गणपूर्ती, म्हणजे कोरमच, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती. म्हणजे मतदार साडेसहाशेच्या थोडे पुढे गेले की पुढे गाव कितीही मोठे असो, शंभरावर भागते. पाच हजार मतदारांच्या गावात शंभर म्हणजे दोन टक्के. तेवढेही जमत नाहीत आणि "गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब" ही बातमी 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या रूढ तारखांच्या आसपास येत राहते. तहकूब ग्रामसभेलाही गणपूर्तीचे बंधन नाही. मग घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी मोजक्या वीस-पंचवीस जणांत वाचली जाते. ती वीस माणसे कोणत्या भावकीची, हे गावाला न सांगता कळते.

याच कायद्याच्या शेजारी एक नियम नेमका उलटा आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. दारूचे दुकान बंद करण्यासाठीचे 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदान : आडवी म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. 2008 च्या आदेशानुसार नुसत्या महिलांचे मतदान घेतले, तर आडव्या बाटलीला गावच्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते लागतात. आलेल्यांपैकी निम्मी नव्हेत, एकूणांपैकी. जी बाई आजारी, जी ऊसतोडीला गेली, जी मुंबईत आहे, तिचे न येणे उभ्या बाटलीच्या पदरात पडते. इथे अर्धा तास नाही, तहकूब नाही, "जे हजर तेच पुरे" नाही. कोट्यवधींचा ताळेबंद मूठभर हातांनी मंजूर होतो आणि एका देशी दारूच्या दुकानासाठी अर्ध्या गावाच्या बायकांना उन्हात रांगेत उभे राहावे लागते. सवलत कुणाला आणि अट कुणाला, हे यावरून दिसते असे माझे मत आहे.

97 व्या घटनादुरुस्तीने सहकारात दुसऱ्या टोकाचा उपाय करून पाहिला. ती 15 फेब्रुवारी 2012 पासून लागू झाली, राज्याने 2013 मध्ये आपला कायदा बदलला. सलग पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजर न राहणारा सभासद 'अक्रियाशील' ठरू लागला आणि त्याच्या मतदानाच्या हक्कावर गदा आली. कल्पना चांगली वाटते. पण हजेरी सिद्ध होते ती सहीच्या वहीवरून, आणि वही असते संस्थेच्या ताब्यात. सही राहिली, पान फाटले, नावाचा गोंधळ झाला, अशा तक्रारी निवडणूक जवळ आली की सहायक निबंधकांकडे जाऊ लागल्या. 20 जुलै 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती बहुराज्य संस्थांपुरतीच टिकवली, कारण राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतली नव्हती. राज्यातल्या संस्थांना राज्याचा कायदा लागू, तेव्हा ही अट ठेवायची की काढायची हा राजकीय प्रश्न झाला. सत्तेत कोण आहे त्याप्रमाणे उत्तर बदलत आले आहे.

कोविडमध्ये ग्रामसभा थांबल्या, वार्षिक सभा ऑनलाइन भरल्या. तेव्हा मीटिंगची 'लिंक' आली, आणि माईक हिसकावण्याची सोय गेली. म्यूटचे बटण ज्याने मीटिंग लावली त्याच्या हाती. किती सभासद जोडले गेले होते, याचा आकडा संस्थेनेच सांगायचा. त्या दोन वर्षांत झालेल्या पोटनियम दुरुस्त्यांवरून काही ठिकाणी अजून कागद फिरत आहेत.

अर्ध्या तासाऐवजी पुन्हा आठवडा आणावा, अशी सूचना एखाद्या सभासदाकडून अधूनमधून लेखी येते. त्यासाठी पोटनियम बदलावा लागतो. दुरुस्ती सर्वसाधारण सभेत ठेवावी लागते, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांनी ती मंजूर करावी लागते, आणि मग ती निबंधकाकडे नोंदणीला जाते. ती सभाही सप्टेंबरातच, दहा वाजता असते.