शिंदळ माकुडीच्या हर्बेरियम शीट बघायच्यात? अर्ज, कागदपत्रं आणि बाकीचं

शिंदळ माकुडी या दुर्मीळ रानवनस्पतीची जुनी नोंद, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेला लेबलसकट नमुना (हर्बेरियम शीट), नेमकी बघायची कुठे हे बरीच मुलं विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहितोय. पुण्यात कोरेगाव रोडला बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेचं हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आहे, आणि मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम.

विद्यार्थी, शिक्षक, संशोधक कुणीही अर्ज करू शकतं. कॉलेजच्या लेटरहेडवर गाईड किंवा विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, त्यात कुठली वनस्पती, कशासाठी आणि कुठल्या दिवशी येणार हे स्पष्ट लिहा, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. वेळ आणि फी प्रत्येक ठिकाणची वेगळी, आधी मेल करून विचारा, तसंच जाऊन उभं राहू नका.

आता खरी मेख. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने १८६० च्या दशकात हिला शास्त्रीय नाव दिलं फ्रेरिया इंडिका, पुढे ती कॅरॅल्युमा फ्रेराय झाली, मग बाउसेरोशिया फ्रेराय. शीट यातल्या कुठल्याही नावाखाली असू शकते, म्हणून अर्जात तिन्ही नावं टाका, नाहीतर "आमच्याकडे नाही" ऐकून परत याल आणि शीट तिथेच कपाटात असेल.

शीट हातात आली की पुस्तकाच्या पानासारखी उलटायची नाही, आडवीच उचलायची. पेन नको, पेन्सिल न्या. फोटोची परवानगी वेगळी मागा. लेबल आहे तसं उतरवून घ्या, जागा, तारीख, गोळा करणाऱ्याने नमुन्याला दिलेला नंबर, जुनं स्पेलिंग "दुरुस्त" करू नका, कारण हीच खरी नोंद आहे.

स्वतः नमुना जमा करायचा असेल तर आधी त्या जागेची परवानगी, जंगल असेल तर वनविभागाची. परदेशी नागरिक किंवा अनिवासी भारतीय असाल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी लागते. आणि कृपा करून अख्खं झाड उपटू नका, ही कड्याकपारीत मोजक्याच ठिकाणी उरलीये, फुलासकट एक छोटी फांदी पुरते. खोड मांसल, त्यामुळे तसंच प्रेसमध्ये (नमुने दाबून वाळवायच्या चौकटीत) ठेवलं तर दिवसचे दिवस वाळत नाही, कधी आतच कोंब फुटतो, म्हणून आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढा, पण फूल मात्र वेगळं, स्पिरिटच्या बाटलीत. त्या तपकिरी-लाल चांदणीवरच्या पिवळ्या खुणांचा रंग स्पिरिटमध्ये उतरतो, त्यामुळे तो जागेवरच वहीत लिहून ठेवा.