चामड्यावरील रंग व अँटीक फिनिश : दोष आणि उपाय

वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले चामडे रंगवताना आणि ठसेकामाच्या खाचांत गडद लेप भरून नक्षीला उठाव देताना उद्भवणाऱ्या बिघाडांचा हा विषय आहे. या दुसऱ्या क्रियेला अँटीक फिनिश म्हणतात. बेल्ट, पाकिटे, खोगिरे यांवर असे काम होते. अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या शेरिडन गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाट फुलावेलींच्या कोरीवकामात हे बिघाड लगेच नजरेत भरतात.

डाय म्हणजे चामड्याचा द्रव रंग पारदर्शक असतो. तो तंतूंत मुरतो, भिंतीच्या रंगासारखा पृष्ठभाग झाकत नाही. म्हणून डागाडागांनी चढलेल्या रंगाचे खापर बाटलीवर फुटत असले, तरी कारण बहुधा चामड्यातच असते. तेलकट जागी, बोटांच्या ठशांवर किंवा रबर सोल्यूशनचा थेंब सुकला असेल तिथे डाय शिरत नाही. उलट पोटाकडचे सैल चामडे पाठीकडच्या घट्ट चामड्यापेक्षा अधिक रंग पिते. उपाय म्हणजे ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावाने पूर्ण तुकडा पुसून घेणे (आम्ल विषारी असल्याने हातमोजे हवेतच), चामडे किंचित ओलसर ठेवणे आणि पातळ केलेला डाय दोन-तीन हातांत गोल फिरवत लावणे. एकाच हातात गडद छटा गाठायला गेले की पट्टे पडतात.

ओल्या चामड्याला लोखंड लागले, तर टॅनिनशी (कमावताना झाडांच्या साली-फळांतून चामड्यात उतरलेल्या तुरट द्रव्याशी) संयोग होऊन निळसर काळे डाग उमटतात. कोल्हापुरी चपलांचे चामडे बाभळीची साल व हिरडा यांत कमावलेले असल्याने त्यालाही हा धोका असतोच. हीच अभिक्रिया मुद्दाम घडवून, लोखंडाचा कीस व्हिनेगरात मुरवलेल्या द्रावाने चामडे काळे करतात. क्रोम कमावणीच्या, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्यात टॅनिन नसल्याने तिथे हा द्राव चालत नाही.

काळा व निळा डाय जास्त झाला की वर सुकी भुकटी उरते, कधी धातूसारखी झाकही येते. फडके स्वच्छ निघेपर्यंत चामडे घासावे. तसे न करता वरून फिनिश (शेवटचा संरक्षक थर) मारली, तर बेल्टचा रंग पुढे शर्टाला लागतो.

अँटीकचे बिघाड मुख्यतः क्रम चुकल्याने होतात. लेपाआधी लावायचा रेझिस्टचा, म्हणजे लेप चामड्यात मुरू न देणाऱ्या द्रवाचा थर विरळ राहिला किंवा पुरता सुकला नाही, तर सगळे चामडेच काळवंडते, आणि हे सहसा परतवता येत नाही. थर जाड झाला, तर बारीक रेषा बुजतात व लेपाला धरायला जागा उरत नाही. वरचा जादा लेप पुसताना मऊ फडके खाचांत शिरून लेप उपसते; त्याऐवजी ते सपाट ठोकळ्यावर ताणून गुंडाळावे. पाण्यावर आधारित लेपावर पाण्यावरच आधारित फिनिश घासून लावली तर लेप सुटून येतो. रात्रभर सुकवून पहिला हात फवाऱ्याने द्यावा. ठसाच उथळ उठला असेल, तर मात्र कोणताही लेप कामी येत नाही.

अल्कोहोलयुक्त डायने चामडे कोरडे पडून ताठरते. रेझिस्टपूर्वी नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या तेलाचा) हलका हात दिल्यास ते मऊ होते. पण तेलाने छटा गडद होते आणि अति तेलावर रेझिस्ट धरत नाही. म्हणून एक दिवस थांबून रंग पारखावा. तरीही तपकिरी काम फारच बिघडले, तर कारागीर ते सरळ काळे रंगवून मोकळे होतात.